निरोपाची धून

सन्मती मगदूमला आपली मुलगी गेल्याची बातमी त्या वर्षी रोज नव्याने कळत होती.

बहुतेक वेळा सकाळच्या चहाला. कप हातात धरून तो आतल्या खोलीच्या दाराकडे बघायचा आणि विचारायचा, "चार्वी उठली नाही का अजून?"

त्याची बायको केतकी समोर बसलेली असायची. सुरुवातीला ती खरं तेच सांगायची. चार्वीला जाऊन सात वर्षं झाली. तुम्ही दोघं कोल्हापूरहून येत होता. हातकणंगल्याच्या अलीकडे वळणावर उसाची ट्रॉली उभी होती, तिला मागे दिवा नव्हता. गाडी तू चालवत होतास.

मग सन्मतीचा चेहरा सात वर्षांपूर्वी इस्पितळाच्या व्हरांड्यात झाला होता तसा व्हायचा. तो ओरडायचा नाही. दोन्ही हात पुढे धरून रिकाम्या हवेत स्टिअरिंग फिरवायचा, पुन्हा पुन्हा, उजवीकडे. दुपारपर्यंत सगळं पुसलं जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा.

केतकीने खोटं बोलूनही पाहिलं. क्लासला गेलीय, येईल. मग तो फाटकाशी जाऊन उभा राहायचा आणि उन्हं कलली की कासावीस व्हायचा. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक मुलीला थांबवून विचारायचा. खोटं तासाभरापुरतं पुरायचं, आणि त्यानंतरचे हाल खऱ्यापेक्षा जास्त असायचे.

सन्मती तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता. त्याच्या मेंदूतल्या पेशी सुकत चालल्या होत्या. या आजारावर औषध नव्हतं. मिरजेतल्या एका मेंदू-संशोधन केंद्रात डॉ. सुलक्षणा नरगुंदे यांनी त्याला तपासलं, तेव्हा त्यांनीही हेच सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "औषध नाही. पण एक उपाय आहे. आणि गंमत म्हणजे त्याची सुरुवात तुमच्याच खेळातून झाली."

खेळ म्हणजे 'सात वेशी'. केतकी, सन्मती आणि त्यांचा मित्र फिरोज शिकलगार, तिघांनी पंचविशीत असताना मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत, एका दुकानावरच्या खोलीत बसून तो तयार केला होता. खेळणाऱ्याने वाटसरू व्हायचं, गावोगाव हिंडायचं, सोबती जोडायचे, माणसांशी बोलायचं आणि शेवटच्या वेशीपर्यंत पोचायचं. तोपर्यंत बाकीचे खेळ सिनेमासारखे दिसू लागले होते. या तिघांनी मात्र हट्टाने आपल्या लहानपणीच्या यंत्रांची बंधनं स्वतःवर घालून घेतली. सन्मतीची माणसं सोळा ठिपके रुंद. फिरोजच्या संवादाला तीन ओळींची चौकट, त्यापलीकडे एक शब्दही नाही. केतकीच्या संगीतात एका वेळी चारच आवाज, आणि धून दीड मिनिटात संपून पुन्हा पहिल्यापासून.

त्या खेळात विहिरीवर एक म्हातारी उभी असे. तिच्याशी बोललं की ती म्हणे, "विहीर आटली, बाबा. दोर अजून ओला आहे." खाली केतकीची संथ धून. खेळ निघाल्यावर कितीतरी लोकांनी कळवलं की त्या म्हातारीच्या डोळ्यांतलं पाणी बघून आम्हाला पुढे जाववेना. सन्मतीने त्या चेहऱ्यात डोळ्यांसाठी एकही ठिपका ठेवला नव्हता. जागाच नव्हती.

"मी कॉलेजात असताना तो खेळ खेळले," डॉक्टर नरगुंदे म्हणाल्या. "मलाही पाणी दिसलं होतं. पुढे संशोधनात आल्यावर मी तोच प्रश्न धरून बसले, की ते पाणी आलं कुठून?"

त्यांनी केतकीला आणि फिरोजला समोर बसवून समजावून सांगितलं. विसरणाऱ्या रुग्णांना आजवर त्यांचे फोटो, व्हिडिओ दाखवत. त्याचा फारसा उपयोग होत नसे, कारण व्हिडिओत सगळं असतं. मेंदू ते नुसतं बघतो, परक्या माणसाचं लग्न बघावं तसं. पण चित्रात मोजके ठिपके असले, मजकूर तीनच ओळींचा असला आणि धून फिरून फिरून तीच येत राहिली, तर मेंदूला स्वस्थ बसता येत नाही. मधली पोकळी तो स्वतःच्या साठ्यातून भरतो. आणि जे तो स्वतः भरतो, ते त्याला कुणी दाखवलेलं वाटत नाही. ती त्याची स्वतःची आठवण होते.

"तिघांची कामं वेगळी आहेत," त्या म्हणाल्या. "चित्र म्हणजे धरायला मूठ. शब्द काय घडलं त्याकडे बोट दाखवतात. आणि त्या घडण्याकडे कसं बघायचं ते संगीत ठरवतं. तिघांनीही थोडं थोडं कमी बोलायला हवं. एकाने सगळं सांगून टाकलं की बाकीचे दोन निकामी होतात. म्हणून मजकुरात 'मृत्यू', 'लग्न' असे सरळ शब्द आम्ही टाळतो. मेंदू ते वाचतो आणि पुढे जातो. काही भरत नाही."

"आणि चुकीचं भरलं तर?" फिरोजने विचारलं.

"तर ते तसंच बसतं. सुकत चाललेल्या पेशींच्या शेजारी नवे धागे विणले जातात, आम्ही त्याला औषधाची जोड देतो. विणून झालं की उसवता येत नाही. जबरदस्तीने उसवायला गेलं तर सगळंच विणकाम सुटतं. म्हणून प्रसंग निवडताना घाई करू नका. आणि सगळं आयुष्य मावणार नाही. जे खेळात नसेल, ते जाईल."

असं सन्मतीच्या आयुष्याचं खेळात रूपांतर करायचं ठरलं. चित्रं त्याची त्यानेच काढायची होती. चहाचा कप कुठे ठेवला ते त्याला आठवत नसे, पण हातात पेन दिलं की ठिपके जागच्या जागी बसत. जयसिंगपूरचं त्याच्या वडिलांचं पेंडीचं दुकान त्याने काढलं. सतारींच्या गल्लीतली खोली काढली, त्यात खिडकीशी पाय दुमडून बसलेली केतकी. तिच्या मांडीवर बाळ चार्वी, चार ठिपक्यांची. फिरोज प्रत्येक चित्राखाली तीन ओळी लिही. केतकी धून बांधी. कित्येक वर्षांनी तिघं एका टेबलाशी बसली होती. एखादी दुपार अशी यायची की सन्मती जुन्यासारखा हसायचा आणि फिरोजला म्हणायचा, "शिकलगार, तुझ्या ओळीत एक शब्द जास्त आहे." आणि खरंच असायचा.

अशाच एका दुपारी, डोकं स्वच्छ असताना, त्याने स्वतःहून विषय काढला.

"वळण घालायचं," तो म्हणाला. "हातकणंगल्याचं."

केतकी टेबलावरचे कागद नीट लावू लागली.

"मला माहीत आहे तू काय विचार करतीयस. नको करू. ते काढलंस तर मी रोज तिची वाट बघत बसेन. ती गेली, आणि माझ्या हातून गेली, हे मला ठेवायचं आहे. तेवढं तरी माझ्याकडे राहू दे."

"तुला त्याचा रोज किती त्रास होतो, ते तुला आठवत नाही, सन्मती."

"तुला आठवतं ना. म्हणून तर सांगतोय."

त्याने चित्र काढलं. दोन्हीकडे उसाचा गर्द पट्टा, मधून रस्ता, वळणावर छोटी निळी गाडी, तिचं दार उघडं. गाडीबाहेर रस्त्याच्या कडेला चार्वी, पाठमोरी. ट्रॉली त्याने काढली नाही. दोनदा सुरुवात केली आणि पुसली. "ती नाही जमत," म्हणाला.

फिरोजने या प्रसंगाला आठवडा घेतला. मग त्याने लिहिलं:

*ऊस उंच वाढला होता.*
*वळणावर चार्वी थांबली.*
*गाडी पुढे आली, तिच्याविना.*

सन्मतीने ते वाचलं आणि बराच वेळ त्यावर हात ठेवून बसला. डॉक्टरांनीही मान्यता दिली. त्या म्हणाल्या, शोकाची धून असली की मेंदू बरोबर तिथेच पोचेल. आता फक्त धून राहिली होती.

केतकी पेटीशी बसली की तिला सूर सुचत. त्यात तिला कष्ट नव्हते. सात वर्षांत तिच्या आत ती धून तयार झालेलीच होती. तिने ती एकदा वाजवलीही. शेजारच्या खोलीत सन्मती झोपला होता. झोपेतच त्याचे हात वर आले आणि हवेत उजवीकडे वळू लागले.

ती थांबली. पेटीचं झाकण लावून ती फिरोजकडे गेली.

"ओळी बदल," ती म्हणाली. "ती बंगळुरात शिकते असं काहीतरी लिही. किंवा परदेशात."

फिरोज अंगणात रोपांना पाणी घालत होता. त्याने नळ बंद केला. "त्याने काय सांगितलंय, ते मीही ऐकलंय."

"ते सांगणारा सन्मती महिन्यातून दोनदा येतो. उरलेले दिवस माझ्याकडे जो असतो, त्याचं काय? तू सकाळी चहाला असतोस का?"

"नसतो."

"मग?"

"केतकी, पोर तुझी होती. त्याचीही होती. मी माझ्या हाताने तिचं मरण पुसणार नाही. उद्या कुणी विचारलं की मगदूमांची मुलगी कुठे असते, तर तू काय सांगशील? लोकांसमोर तू एकटीच मेलेल्या पोरीची आई राहशील, आणि घरात मात्र ती जिवंत."

"चालेल मला."

"मला नाही चालणार," फिरोज म्हणाला. "एक शब्द बदलणार नाही मी."

केतकी घरी आली. रिक्षात बसल्या बसल्याच तिच्या लक्षात आलं होतं की शब्द बदलायची गरजच नाही.

'सात वेशी'त चौथ्या गावानंतर एक सोबतीण वाटसरूला सोडून आपल्या वाटेने निघून जाते. तिथे केतकीने एक धून बांधली होती. ती दुःखाची नव्हती, आनंदाचीही नव्हती. तिचा शेवटचा सूर षड्जावर न येता वर अर्धवट राहतो, आणि ऐकणाऱ्याला वाटत राहतं की ही बाई पुढे कुठेतरी भेटेल. त्या काळी खेळणाऱ्यांनी तिला निरोपाची धून असं नाव दिलं होतं.

तीच चाल तिने थोडी फिरवली, संथ केली, आणि वळणाच्या चित्राखाली लावून पाहिली. चित्र तेच. ओळी त्याच. पण आता वळणावर चार्वी थांबली म्हणजे स्वतः थांबली. गाडी तिच्याविना पुढे आली म्हणजे तिची वाट वेगळी झाली. उघडं दार, पाठमोरी मुलगी, उंच ऊस, सगळ्यांनी निमूटपणे नवा अर्थ घेतला. आपलं काम इतकं सोपं आहे याची केतकीला भीती वाटली. तरीही तिने तीच धून केंद्रात दिली. डॉक्टरांनी ती ऐकली, शोकाची म्हणूनच ऐकली, कारण त्यांना प्रसंग ठाऊक होता.

पावसाळाभर उपचार चालले. सन्मती रोज केंद्रातल्या खुर्चीत बसून पडद्यावर आपलं आयुष्य हिंडायचा. दुकानातून लग्नाच्या मांडवात, मांडवातून खोलीत, तिथून वळणावर आणि वळणावरून घरी. दिवाळीच्या सुमारास एका सकाळी त्याने चहाचा कप घेतला, दाराकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. वर्तमानपत्र उघडलं.

केतकी स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. तिला रडू आलं ते सुटकेचं होतं.

पुढचे काही आठवडे तिच्यासाठी सणासारखे गेले. सन्मती बाजारात एकटा जाऊ लागला. फिरोजशी पत्ते खेळू लागला. शेजाऱ्यांची नावं घेऊ लागला. हात हवेत वळायचे थांबले. फक्त एक गोष्ट तिला खटकत होती. तो तिच्याशी कामापुरतंच बोलायचा. मीठ दे. दार लाव. तिने खांद्यावर हात ठेवला की तो शांतपणे बाजूला सरायचा.

शेवटी तिनेच विचारलं. तो गॅलरीत रोपांची सुकी पानं खुडत होता.

"काय झालंय? माझ्यावर रागावलायस का?"

त्याने पानं मुठीत गोळा केली. "आता विचारतीयस?"

"म्हणजे?"

"गाडीत तू तिला काय बोललीस, केतकी?"

तिला समजलं नाही. "कुठल्या गाडीत?"

"हातकणंगल्याच्या वळणावर. पोरगी दार उघडून उतरली, मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. मी गाडी थांबवत होतो, तू म्हणालीस चल. आणि मी आलो. तोच माझा गुन्हा, की मी तुझं ऐकलं." तो अजिबात चिडला नव्हता. कित्येक दिवस विचार केलेलं बोलावं तसं बोलत होता. "इतकी वर्षं झाली, ती एक फोन करत नाही. तू असं काय बोललीस तिला?"

केतकी त्या गाडीत नव्हती. त्या संध्याकाळी ती घरी होती आणि दोघांसाठी थालीपिठाचं पीठ भिजवत होती.

डॉ. नरगुंदे यांच्याकडे ती गेली तेव्हा तिने काही लपवलं नाही. डॉक्टरांनी वळणाचा प्रसंग लावला आणि डोळे मिटून फक्त धून ऐकली. या वेळी त्यांना ती नीट ऐकू आली.

"मुलगी स्वतःहून गेली, इथपर्यंत त्याच्या मेंदूला या धुनेने आणलं," त्या म्हणाल्या. "पण मुलगी विनाकारण घर सोडत नाही. कारण त्याला स्वतःला शोधावं लागलं. प्रसंगात तुम्ही नव्हतात, पण तुमचा सूर होता. तीस वर्षं ऐकलेला हात तो कसा विसरेल? सुरात तुम्ही आहात म्हणजे गाडीत तुम्ही होतात. आणि त्याच्या आत जुना दोष कुठेतरी शिल्लक होता. त्या दोषाला माणूस हवा होता. तो मिळाला."

"धून बदलते मी. खरी तयार आहे माझ्याकडे."

"केतकीताई, विणून झालंय," डॉक्टर म्हणाल्या. "आता तो प्रसंग ओढला तर दुकान, मांडव, तुम्ही, फिरोजभाई, सगळं जाईल. तो पुन्हा चहाच्या कपापाशी येईल आणि यावेळी परतीची वाट नसेल. हे तुम्ही मला आधी विचारायला हवं होतं."

फिरोजला तिने सगळं सांगितलं आणि सन्मतीला यातलं काही बोलू नकोस, अशी विनंती केली. पण तो न जुमानता सन्मतीकडे गेला आणि मित्राने मित्राला सांगावं तसं समोर बसवून सगळं खरं सांगितलं. सन्मतीने ऐकून घेतलं. "तिने तुलाही पढवलं का?" एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून त्याला ताप येऊ लागला, बोलणं तुटक झालं, जयसिंगपूरच्या दुकानात जायचंय म्हणून तो चपला शोधू लागला. केंद्रात हलवावं लागलं. सावरायला पंधरवडा गेला. डॉक्टरांनी बजावलं की हे पुन्हा होता कामा नये.

फिरोज नंतर येत राहिला, पण पत्ते खेळून जायचा. केतकीकडे बघून बोलायचं टाळायचा. एकदा पायरीवर चपला घालताना तो म्हणाला, "माझ्या तीन ओळी वापरून तू हे केलंस."

सन्मती बरा होत गेला तसा त्याचा राग शहाणा होत गेला. गल्लीतल्या बायकांना तो सांगू लागला की आमची मुलगी बाहेर असते, पण आईमुळे येत नाही. ज्या बायका चार्वीच्या मातीला आल्या होत्या, त्या मान खाली घालून ऐकत. काही केतकीला धीर द्यायला येत. काही येईनाशा झाल्या.

चार्वीच्या वाढदिवसाला तो अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून दिवाणखान्यात बसला. केतकी आली तसा त्याने आपला फोन टेबलावरून तिच्याकडे सरकवला.

"तिला फोन लाव. माफी माग."

"सन्मती..."

"मी लावला असता. पण माझ्याशी बोलून काय उपयोग? भांडण तुझं होतं." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "केतकी, मी फार दिवस जगणार नाही. एकदा माग माफी. माझ्यासाठी."

तिने फोन उचलला. चार्वीचा जुना क्रमांक तिला पाठ होता. पलीकडून यंत्राचा आवाज आला की हा क्रमांक सेवेत नाही. तिने फोन कानाशी घट्ट दाबून धरला, म्हणजे त्याला ऐकू जाऊ नये.

"चार्वी," ती म्हणाली. "मी आई."

आवाज तेच वाक्य तीन भाषांत फिरवून सांगत होता. सन्मती पुढे झुकून बसला होता.

"मला माफ कर. मी तुझं..." तिने डोळे मिटले. "मी तुझं जाणं पुसलं. मला रोज ते सांगवत नव्हतं, म्हणून. त्यात तुलाच पुसलं मी. तू अशी नव्हतीस. तू न बोलता कधी घरातून गेली नाहीस. हे मला माहीत आहे, पण आता ते सांगायला कुणी उरलं नाही." पलीकडचा आवाज केव्हाच बंद पडला होता. ती आणखी काही वेळ कानाशी धरून बसली.

तिने फोन खाली ठेवला तसं सन्मतीने विचारलं, "काय म्हणाली?"

केतकीला पुष्कळ उत्तरं सुचली. विचार करते म्हणाली. पुढच्या वर्षी येते म्हणाली. त्यातलं कुठलंही सांगितलं असतं तर तो आजपासून फाटकाशी उभा राहिला असता.

"येणार नाही, म्हणाली."

"कधीच?"

"कधीच नाही, सन्मती."

त्याने मान हलवली. मग तो रडायला लागला, तोंडावर हात न घेता, सगळ्यांसमोर रडावं तसा. या सगळ्या काळात चार्वीसाठी तो असा कधी रडला नव्हता. केतकी उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली. त्याने तिला सरकायला सांगितलं नाही.

खूप वेळाने त्याने सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले.

"तुझ्यामुळे," तो म्हणाला.

"हो," केतकी म्हणाली. "माझ्यामुळे."